इंग्रजी खेड्याची पंचायत

इंग्लंडातील एखाद्या खेड्यात पाऊल टाकले की चर्चचा मनोरा, पब नावाचे मद्यगृह आणि महायुद्धात पडलेल्यांची नावे कोरलेला दगडी स्तंभ, या तीन गोष्टी प्रथम नजरेत भरतात. चौथी वस्तू परक्याच्या सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे रस्त्याकडेला उभा असलेला, पुष्कळदा काचेचे दार लावलेला सूचनाफलक. गावच्या कौन्सिलाची पुढील सभा कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे, याचा कागद त्यात टाचलेला असतो. सभेपूर्वी पूर्ण तीन दिवस ही सूचना गावात ठळक जागी लागली पाहिजे, असा कायदा आहे. आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या विषयावर सभेला निर्णय घेता येत नाही. इंग्रजी खेड्याचे स्वराज्य, ते जेवढे आहे तेवढे, या फलकाच्या आधारावर उभे आहे.

या कौन्सिलाचे नाव पॅरिश कौन्सिल. पॅरिश म्हणजे मुळात एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा मुलूख. गावचा कारभारही शतकानुशतके चर्चच्या छायेतच चालत असे. धर्मगुरूंचे झगे ठेवण्याच्या खोलीला व्हेस्ट्री म्हणतात. तेथे गावकरी जमत, म्हणून त्या सभेलाही तेच नाव पडले. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला. १८३४ मध्ये तो काढून अनेक पॅरिशांच्या संघांकडे देण्यात आला, आणि व्हेस्ट्रीचे महत्त्व ओसरत गेले. परंतु शब्द चालत असे तो धर्मगुरूचा, जमीनदाराचा आणि बड्या शेतकऱ्याचा. शेतमजुराला १८८४ पर्यंत पार्लमेंटचे मतदेखील नव्हते.

येथे एक नवल सांगण्याजोगे आहे. हिंदुस्थानात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा आपला प्रसिद्ध ठराव केला १८८२ साली. स्वराज्याचे धडे हळूहळू गिरवावेत, असा उपदेश त्या काळी येथील लोकांस उदारपणे केला जात होता. पण उपदेश करणाऱ्यांच्या स्वतःच्या खेड्यांना निवडलेले कौन्सिल मिळाले ते त्यानंतर बारा वर्षांनी! ग्लॅडस्टन यांच्या अखेरच्या मंत्रिमंडळाने आणलेला कायदा १८९४ च्या मार्चमध्ये संमत झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिल्या निवडणुका झाल्या. तीनशेहून अधिक वस्तीच्या खेड्यास कौन्सिल, त्याहून लहान असेल तर निदान वर्षाची ग्रामसभा. स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनासुद्धा, मत देण्याचा व निवडून येण्याचा हक्क याच कायद्याने मिळाला. पार्लमेंटच्या मतासाठी त्यांना १९१८ पर्यंत थांबावे लागले.

त्या पहिल्या निवडणुका हात वर करून होत असत. मतपत्रिकेची मागणी करण्याची सोय होती. पण ती मागणीही भरसभेत उभे राहूनच करायची. ज्याच्या शेतावर राबायचे आणि ज्याच्या मालकीच्या झोपडीत राहायचे, त्याच्या देखत त्याच्याविरुद्ध हात वर करणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या खेड्यांत वेगळे समजावून सांगायला नको. तरीही कित्येक गावांतून मजूर निवडून आले. त्यांची पहिली मागणी बहुधा एकच असे: भाजीपाला लावायला जमिनीचा तुकडा. अलॉटमेंट नावाचे हे तुकडे आजही भाड्याने दिले जातात. गावच्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलाला तिचा विचार करावाच लागतो.

आज इंग्लंडात अशी सुमारे दहा हजार कौन्सिले आहेत. काही छोट्या शहरांतही ती आहेत, पण बहुतेक खेड्यांतलीच. सभासद कमीत कमी पाच, मुदत चार वर्षे, आणि वेतन नाही. पगार असतो तो चिटणिसाला, आणि लहान गावी तोही आठवड्यातील काही तासांपुरता. पैसा उभा राहतो तो असा: वर्षाला किती रक्कम लागेल ते गावचे कौन्सिल ठरवते आणि वरच्या जिल्हा कौन्सिलाला कळवते, मग ते आपल्या घरपट्टीबरोबर ती रक्कम वसूल करून देते. त्यातून स्मशानभूमीचे गवत कापायचे, बस थांब्यावरील छप्पर डागडुजीला काढायचे, मुलांच्या मैदानातील झोपाळे तपासायचे, गावचे घड्याळ चालू ठेवायचे. कुत्र्यांच्या घाणीचा विषय तर इंग्रजी खेड्यात सहसा संपतच नाही.

रस्त्यातला खड्डा मात्र कौन्सिलाच्या हाती नाही. खड्डा गावात, पण त्याची जबाबदारी काउंटीच्या, नाहीतर तत्सम मोठ्या कौन्सिलाकडे. बंद पडू घातलेल्या बसला अनुदान द्यायचे की नाही, हेही मुख्यतः तेथेच ठरते. घर बांधण्याच्या परवानगीबाबत गावाचे मत विचारतात, निर्णय मात्र वरचे देतात. आणि खरी झोंबाझोंबी नेमकी याच विषयावर असते. शहरातून निवृत्त होऊन आलेल्यांना खेडे आहे तसेच राहावे असे वाटते. गावात जन्मलेल्या तरुण जोडप्याला तेथे घर परवडत नाही. लहान मुलांची कुटुंबे निघून गेली की शाळेचा पट घटतो, आणि शाळा बंद झाली की उरलेलेही निघतात. दोन्ही पक्ष गावाच्या प्रेमापोटीच भांडत असतात; पण पहिल्या पक्षाला सभेला यायला सवड अधिक असते, हे विसरून चालणार नाही.

२०११ च्या कायद्याने गावांना स्वतःचा विकास आराखडा करून सार्वमतास लावण्याचा अधिकार दिला. असा पहिला आराखडा २०१३ मध्ये कंब्रियातील अप्पर ईडन भागात मंजूर झाला. सतरा पॅरिशांनी मिळून तो केला होता. घरे कोठे व कशी बांधावीत हे अशा आराखड्यात सांगता येते. मात्र वरच्यांनी ठरविलेली संख्या कमी करता येत नाही.

एवढ्याशा अधिकारातूनही कधी सुंदर गोष्ट घडते. सॉमरसेटमधील वेस्टबरी-सब-मेंडिप या खेड्याचे फिरते ग्रंथालय बंद झाले आणि तांबडी टेलिफोन पेटीही जाणार असे ठरले. कौन्सिलाने टेलिफोन कंपनीकडून ती पेटी एका पौंडाला विकत घेतली. २००९ मध्ये गावकऱ्यांनी तिच्यात फळ्या बसवून पुस्तके मांडली: एक वाचलेले ठेवावे, दुसरे न्यावे.

सभांमध्ये भांडणे होतात तीही काही कमी नाहीत. साथीच्या काळात, २०२० च्या डिसेंबरात, चेशायरमधील हँडफोर्थच्या कौन्सिलाची बैठक पडद्यावरून भरली असता सभासदांत अशी जुंपली की पुढील फेब्रुवारीत तिचे चित्रण जगभर लक्षावधी लोकांनी पाहिले आणि हसून घेतले. दुसरी चांगली जागा उपलब्ध असता मद्यगृहात सभा भरवू नये, असा कायदा जुन्या लोकांनी का केला असेल, याची कल्पना ते पाहून येते! तथापि जगाला ते पाहता आले, कारण सभा उघडी होती. सार्वजनिक मंडळांच्या सभांत लोकांस व वृत्तपत्रांस प्रवेश असलाच पाहिजे, असा कायदा १९६० मध्ये झाला. ते विधेयक मांडणाऱ्या नव्या सभासद पुढे पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर होत्या.

परंतु दरवाजा उघडा असून आत येणारे नसतात, हे या कौन्सिलांचे आजचे खरे दुखणे आहे. जागा सात आणि अर्ज पाच, असे झाले की निवडणूक होतच नाही. पाच जण बिनविरोध बसतात आणि उरलेल्या दोन जागांसाठी कोणाची तरी मनधरणी करतात. मुदतीच्या मध्यात जागा रिकामी झाली तर ते फलकावर जाहीर करावे लागते. चौदा दिवसांच्या आत दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक. नाहीतर कौन्सिल आपल्या पसंतीचा माणूस घेते. फलकावरील तो कागद पावसाळी हवेत ओलसर होऊन कडांनी वळू लागतो. कुत्रे फिरवायला निघालेली माणसे त्याच्यावरून जातात; एखादा थांबतो, चष्मा वर करून वाचतो. दहा सह्यांपैकी पहिली कोणाची, याचा शोध त्याच्यापासूनच सुरू व्हायचा असतो.