पातळ कवचाची अंडी
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



समुद्रात टाकलेली वस्तू कायमची नाहीशी होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती भ्रामक आहे, हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील अ‍ॅनाकापा बेटावर दिसून आले. तेथे तपकिरी पेलिकन, म्हणजेच झोळीवाले पक्षी, वसाहत करून राहतात. १९७० साली या बेटावर साडेपाचशेहून अधिक घरटी झाली. परंतु त्यांतून जगले ते अवघे एक पिल्लू! हा पक्षी आपल्या पायांच्या पडद्यांनी अंडी उबवतो. त्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली होती की, मातापित्यांच्याच भाराने ती फुटत होती.

याचे मूळ होते डी.डी.टी. या कीटकनाशकात. हिवतापाच्या निर्मूलनात या द्रव्याने मोठी कामगिरी बजावली. त्याचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु लॉस एंजेलिस येथील ते तयार करणाऱ्या एका कारखान्याचे सांडपाणी अनेक वर्षे गटारांवाटे समुद्रात जात राहिले.

डी.डी.टी. पाण्यात विरघळत नाही, चरबीत मात्र साठते. सूक्ष्म जीवांच्या शरीरातील अल्प अंश ते खाणाऱ्या अँचोव्ही या मासळीत वाढतो. ही मासळी आपल्या मांदेलीच्या कुळातली. अशी असंख्य मासळी खाणाऱ्या पेलिकनच्या शरीरात तो अनेक पटींनी वाढतो. डी.डी.टी.पासून बनणारे डी.डी.ई. हे द्रव्य कवचात चुना भरण्याच्या क्रियेला अडथळा आणते. पक्षी स्वतः जगतो, परंतु त्याचा वंश खुंटतो.

सुदैवाने मनुष्य वेळीच सावध झाला. कारखान्याचे ते सांडपाणी थांबले, १९७२ साली अमेरिकेत डी.डी.टी.च्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली आणि पेलिकनची संख्या हळूहळू वाढली. २००९ साली संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. तथापि, तेथील सागरतळाच्या गाळात ते विष अद्यापि आहे.

शिक्षकांनी फळ्यावर सूक्ष्म जीव, मासा आणि पक्षी अशी साखळी काढावी व शेवटी मासे खाणारा माणूस कोठे येतो, हे मुलांनाच विचारावे. मुलांना हे उत्तर स्वतः सापडले की, ओढ्यात काय टाकावे आणि काय टाकू नये, हे त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही.