वयाचा रकाना : न्यूयॉर्कच्या एका शाळाधीक्षकाचे दप्तर



शाळेचे दप्तर म्हटले की शिक्षकाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा शीण दिसू लागतो, आणि तो अकारण असतो असे कोणी म्हणणार नाही. हजेरीपट, जनरल रजिस्टर, पोषण आहाराची नोंदवही, शेरेबुक आणि त्यांच्या जोडीला आता संगणकावर भरावयाची माहिती. एकच संख्या पाच ठिकाणी लिहावयाची, आणि ती पाचही ठिकाणी जुळली नाही तर वरून विचारणा व्हावयाची. ज्या कागदाचा उपयोग लिहिणाऱ्याला कधी दिसत नाही, तो त्याला ओझेच वाटणार. म्हणूनच आजच्या भाषणासाठी जरा दूरच्या देशातील आणि दूरच्या काळातील एक दप्तर निवडले आहे. न्यूयॉर्क शहराच्या शाळाधीक्षकांनी १९०४ च्या आपल्या वार्षिक अहवालात एक कोष्टक छापले. कोष्टक साधे होते. हजेरीपट लिहिणाऱ्या कोणाही शिक्षकास ते एका संध्याकाळी करता येईल. परंतु त्याने एका मोठ्या देशातील शिक्षणाधिकाऱ्यांची झोप उडविली.

ह्या शाळाधीक्षकांचे नाव विल्यम हेन्री मॅक्सवेल. जन्माने ते आयरिश, १८५२ सालचे. तेथेच पदवी घेऊन १८७४ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथे शाळेत नोकरी लगेच मिळाली नाही. काही वर्षे त्यांनी वृत्तपत्रांत काम केले, मग रात्रशाळेत शिकविले, आणि १८८७ मध्ये ते ब्रुकलिनच्या शाळांचे प्रमुख झाले. १ जानेवारी १८९८ रोजी पाच विभाग एकत्र करून बृहन्न्यूयॉर्क शहर निर्माण झाले, तेव्हा त्या सबंध शहराचे पहिले शाळाधीक्षक म्हणून त्यांची निवड झाली. मनुष्य करारी होता. शिक्षकांच्या नेमणुका वशिल्याने न होता परीक्षेने आणि गुणानुक्रमाने व्हाव्यात, ह्यासाठी ते राजकीय पुढाऱ्यांशी सतत झगडले. शहराची अवस्था मात्र अशी होती की, इटलीतून, रशियातून, पूर्व युरोपातून हजारो कुटुंबे बोटींतून उतरत होती, इंग्रजीचा गंध नसलेली मुले वर्गात येऊन बसत होती, आणि बाके पुरत नसल्यामुळे हजारो मुलांना अर्धवेळ शाळेवरच समाधान मानावे लागत होते.

अशा शहराच्या शिक्षणप्रमुखाने वार्षिक अहवालात काय लिहावे? त्या काळची रूढ रीत अशी होती की, शाळा किती, नव्या इमारती किती, शिक्षक किती, पट किती, सरासरी हजेरी किती आणि खर्च किती हे सांगावयाचे. हे सर्व आकडे खरे असतात व दरवर्षी वाढतही असतात, आणि वाढणारा आकडा वाचणाऱ्यास सुखावतो. परंतु त्यांतून शाळा केवढी आहे हे कळते. शाळेत आलेले मूल पुढे सरकते की नाही, हे कळत नाही.

ह्या रीतीला अपवाद मॅक्सवेल ह्यांच्या आधीही झाले होते. सेंट लुईस शहराचे शाळाधीक्षक विल्यम टॉरी हॅरिस (१८६८ ते १८८०) ह्यांचे वार्षिक अहवाल देशोदेशीचे शिक्षणतज्ज्ञ वाचीत असत. नदीकाठच्या व कारखान्यांच्या वस्तीतील पुष्कळ मुले दहाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागतात, तेव्हा त्यांच्या वाट्यास जेमतेम तीन वर्षांचे शिक्षण येते, असे त्यांना दिसून आले. मुलाला पुढे थांबविता येत नसेल तर अलीकडून लवकर घ्यावे, असा विचार त्यांनी मांडला, आणि १८७३ मध्ये सुसान ब्लो ह्या बाईंच्या हाती तेथील सार्वजनिक शाळेत बालोद्यान सुरू झाले. म्हणजे मूल कितव्या वर्षी येते आणि कितव्या वर्षी जाते ह्या दोन नोंदींमधून एक नवा वर्ग जन्मास आला.

आता मॅक्सवेल ह्यांच्या कोष्टकाकडे वळू. एका बाजूस इयत्ता मांडावयाच्या व दुसऱ्या बाजूस वय; प्रत्येक चौकटीत त्या इयत्तेतील त्या वयाच्या मुलांची संख्या लिहावयाची. सहा ते आठ ह्या वयात पहिलीत असणे हे योग्य, सात ते नऊ ह्या वयात दुसरीत असणे हे योग्य, असे चढत्या क्रमाने प्रमाण धरले होते. म्हणजे पहिलीतील मूल पुरे आठ वर्षांचे झाले तरच ते वयाने मोठे मोजावयाचे. ही सवलत मोठी उदार आहे, कारण सहाव्या वर्षी आलेल्या मुलाला एक वर्ष मागे पडूनही ती पुरते. तरीदेखील हिशेब असा निघाला की, प्राथमिक शाळांतील शंभरांपैकी एकोणचाळीस मुले आपल्या इयत्तेच्या मानाने वयाने मोठी आहेत.

हा आकडा कोणा विरोधकाने शोधून काढलेला नव्हता, हे ध्यानात घ्यावयास हवे. ज्याच्या कारभाराचा तो दोष ठरणार होता, त्यानेच तो छापला. कोष्टक न छापता वीस नव्या इमारतींची छायाचित्रे छापली असती तर कोणी काही विचारले नसते.

परंतु हा आकडा वाचावा कसा, हा प्रश्न त्याहून कठीण आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने सर्व गोडी येथेच आहे. मूल आपल्या इयत्तेच्या मानाने मोठे असते, त्याची कारणे निदान दोन. एक तर ते शाळेत उशिरा आले; दुसरे, ते वेळेवर आले पण एकाच वर्गात दोनदा-तीनदा बसले. आठव्या वर्षी बोटीतून उतरून पहिलीत बसलेला मुलगा आणि सहाव्या वर्षापासून पहिलीतच असलेला मुलगा, हे दोघे कोष्टकात एकाच चौकटीत पडतात. पहिला मुलगा कदाचित वर्षात दोन इयत्ता ओलांडील. दुसऱ्याचे दुखणे वेगळे आहे. केवळ वयाच्या रकान्यावरून हा भेद कळत नाही. त्यासाठी प्रथम प्रवेशाची तारीख हवी, आणि मधल्या प्रत्येक वर्षाचा निकाल हवा.

दुसरी एक फसगत ह्याहून सूक्ष्म आहे. वरच्या इयत्तांत मोठ्या वयाची मुले कमी दिसली तर शिक्षकाने आनंद मानावा काय? ती पुढे गेली म्हणून कमी झाली की शाळा सोडून गेली म्हणून, हे कोष्टक सांगत नाही. शाळा सोडून गेलेले मूल कोणत्याच चौकटीत नसते. गळती जितकी अधिक, तितके वरच्या वर्गाचे कोष्टक स्वच्छ! १९०८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनी शाळेतून गळणाऱ्या मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा रोख ह्याच न दिसणाऱ्या मुलांकडे होता.

मॅक्सवेल केवळ आकडा छापून थांबले नाहीत. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये तीन प्रकारचे खास वर्ग निघाले. इंग्रजी न येणाऱ्या नवागतांसाठी एक, वयाने मोठ्या मुलांना वेगाने पुढे नेण्यासाठी दुसरा, आणि चौदा वर्षे पुरी होताच कामाचा दाखला मागणार हे निश्चित असलेल्या मुलांना तेवढ्या अवधीत आवश्यक ते शिकविण्यासाठी तिसरा. म्हणजे 'मागे पडलेले मूल' ह्या एका नावाखाली तीन वेगळी मुले आहेत, हे ओळखून त्यांच्यासाठी तीन वेगळ्या वाटा काढल्या. शिक्षणात नोंदीचा ह्याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

गैरहजेरीच्या बाबतीतही त्याच शहराने एक धडा घालून दिला. आरोग्यखात्याचे डॉक्टर शाळांत येऊन खुपऱ्या, नायटा, उवा असलेल्या मुलांना घरी पाठवीत. पण घरी उपचार कोण करणार? मूल रस्त्यावर खेळे आणि पटावर गैरहजेरी चढे. ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स ह्या परिचारिकेस प्रयोगादाखल चार शाळांत नेमले. त्या मुलांना शाळेतच औषध लावीत व घरी जाऊन आईला समजावून सांगत. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलांना शाळेबाहेर ठेवले गेले होते. हे काम शहरात वाढल्यावर पुढील सप्टेंबरात ती संख्या १,१०१ वर आली.

आता ह्या कथेची दुसरी बाजू. मॅक्सवेल ह्यांच्या कोष्टकामुळे जे संशोधन सुरू झाले, त्यात लेनर्ड एअर्स हे प्रमुख. १९०९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'आपल्या शाळांतील रेंगाळणारी मुले' असा होतो. अनेक शहरांची दप्तरे तपासून त्यांनी दाखविले की, सरासरीने शंभरांत तेहतीस मुले वयाच्या मानाने मागे आहेत, मुलींपेक्षा मुलगे अधिक मागे पडतात, आणि सुमारे एक षष्ठांश मुले तोच वर्ग पुन्हा करीत असल्याने केवळ शहरांतूनच दरवर्षी २ कोटी ७० लक्ष डॉलर खर्ची पडतात. अभ्यासक्रमच हुशार मुलाच्या बेताने आखलेला असतो, साधारण मुलाच्या बेताने नव्हे, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. ही त्यांची गोष्ट मोलाची होती. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते दोनच शब्द : 'रेंगाळणारी' आणि 'डॉलर'. एअर्स ह्यांनी शाळेची कार्यक्षमता कारखान्याप्रमाणे मोजण्याचे गुणोत्तरही काढले होते. कच्चा माल किती आला व पक्का माल किती निघाला, ह्या धर्तीचे. मग शाळाप्रमुखांवर टीका होऊ लागली, आणि टीका चुकविण्याचे सोपे मार्गही निघाले. टक्केवारी सुधारावयाची तर मुलाला वर ढकलले की झाले. शिकविण्याची गरज नाही. काही वर्षांतच बुद्धिमापन चाचण्या आल्या, आणि मूल मागे का पडले ह्या प्रश्नाचे उत्तर शाळेत शोधण्याऐवजी मुलाच्या डोक्यात शोधण्याची सोय झाली. मॅक्सवेल ह्यांचा रकाना शाळेची परीक्षा घेण्यासाठी होता. तो उलटून मुलाच्या कपाळी चिकटला.

आपल्या देशातही हा हिशेब एकदा मांडला गेला आहे. हार्टोग समितीने १९२९ च्या अहवालात दाखविले की, १९२२–२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५–२६ मध्ये चौथीत अवघी अठरा होती. गळती आणि स्थगिती हे शब्द शिक्षणाच्या पुस्तकांत रूढ झाले ते ह्या हिशेबामुळे. आज परिस्थिती खूप पालटली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, शाळेत न गेलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण हा हक्क दिला आहे. त्यामुळे वयाचा रकाना आता बहुधा सरळ दिसतो. पण तो सरळ दिसतो म्हणूनच त्याच्यावर विसंबता येत नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुलगी दिवाळीनंतर पाच महिने फडावर असते. ती परत येते तेव्हा वयाने पाचवीत, पटाने पाचवीत आणि वाचनाने दुसरीत असते. मॅक्सवेल ह्यांच्या कोष्टकात ती योग्य चौकटीतच बसली असती.

म्हणून त्या कोष्टकाला येथे तिसरी बाजू जोडावयास हवी. पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने एक कागद करून आणावा. जनरल रजिस्टरवरून प्रत्येक मुलाचे वय व प्रथम प्रवेशाची तारीख घ्यावी. हजेरीपटावरून सलग पंधरा दिवसांहून अधिक गैरहजेरीचे महिने टिपावेत. आणि मूल कोणत्या इयत्तेचा उतारा अडखळल्यावाचून वाचते ते स्वतः ऐकून लिहावे, मागच्या चाचणीवरून उतरवून घेऊ नये. गेल्या वर्षी पटावर असलेली आणि यंदा नसलेली मुले शेवटी वेगळी लिहावीत, व दाखला नेला की नुसतेच येईनासे झाले हे नोंदवावे. साठ मुलांच्या शाळेस ह्या कामास तीन-चार दिवस लागतील. कागदावर नावांऐवजी रजिस्टर क्रमांक घालावेत, आणि तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावू नये.