लग्नाची वार्ता आणि परदेशचा अर्ज



आखाजीचे दिवस, लग्नसराई भरात, तरीही आपण आलात. तेव्हा आज लग्नाविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले. मात्र मांडवाविषयी नव्हे, कागदाविषयी. परदेशी स्थायिक होण्याचा अर्ज चालू असता मुलाचे लग्न झाले, तर ते तेथील सरकारला कळवावे की नाही? "नोंदणी कुठे झाली आहे, भाऊ? कागदोपत्री मुलगा अविवाहितच!" असे सांगणारे वडील आम्हांला भेटतात.

हा समज मुळातच चुकीचा आहे. 1955 च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणे, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यान्वये नोंदणी 90 दिवसांत करावयाची हे खरे. पण ती राहिली म्हणून लग्न झालेच नाही, असे होत नाही. साखरपुडा तेवढा लग्न नव्हे.

कॅनडाचे पाहा. अर्ज दिल्यापासून कायम वास्तव्य मिळेपर्यंत केव्हाही लग्न झाले, तरी ते कळवावे लागते. पत्नी सोबत जाणार नसली तरी तिची तपासणी व्हावी लागते. न कळविल्यास त्या पत्नीला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही, असे तेथील 2002 च्या नियमांतील 117 वा नियम सांगतो. 2019 साली काहींसाठी सवलत निघाली. पण सवलतीच्या भरवशावर कोणी मुलीचा संसार मांडावा काय? लपविणारा एक, आणि माहेरी ताटकळणारी दुसरीच!

अमेरिकेची गोष्ट अधिक अवघड आहे. ग्रीन कार्ड असलेल्या वडिलांनी अविवाहित मुलासाठी अर्ज केला आणि मुलाचे लग्न झाले, की तो अर्ज तेथेच संपतो. पुढे काडीमोड झाला तरी तो पुन्हा उभा राहत नाही. वडील लग्नाआधी नागरिक झाले असतील तर अर्ज टिकतो, पण विवाहितांच्या रांगेत जातो. म्हणजे खरे सांगितल्याने येथे नुकसान होते, हे आम्ही नाकारीत नाही. मग गप्प राहावे? मुलाखतीत शपथेवर उत्तर द्यावे लागते. खोटे उघडकीस आले तर मागाहून मिळालेले नागरिकत्वसुद्धा जाऊ शकते. आणि उघडकीस आणणारा परका नसतो. पत्नीला बोलवावयाची वेळ आली, की लग्नाची तारीख नवऱ्यालाच आपल्या हाताने लिहावी लागते.

भावाने किंवा बहिणीने केलेल्या अर्जाला मात्र लग्नाने बाध येत नाही. उलट कळविले तर पत्नीही त्यातच येते.

तेव्हा मुहूर्त धरण्यापूर्वी अर्ज कोणत्या वर्गात आहे, हे विचारून घ्यावे. वधूपक्षानेही विचारावे, हुंडा मागणारे जेथे लाजत नाहीत, तेथे आपण का लाजावे? आणि लग्न लागले, की नगरपालिकेतून वा ग्रामपंचायतीतून नोंदणीचा दाखला काढून, अर्जाच्या क्रमांकासह त्याची प्रत धाडावी, आणि पोच जपून ठेवावी.