न्याय देणारी माणसे



आजच्या विषयाचे नाव जड आहे : फौजदारी न्यायव्यवस्थेतील मनुष्यबळाचे व्यवस्थापन. अर्थ मात्र साधा आहे. कायदा कागदावर असतो, तो राबवितात माणसे. शिपाई, तपास अधिकारी, सरकारी वकील, न्यायाधीश, तुरुंगरक्षक ही माणसे किती आहेत, त्यांना काय शिकविले आणि किती तास राबविले, यावर गरिबाचा न्याय अवलंबून असतो.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. तुळिंजहून रेल्वे ओलांडली की सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. याच मालिकेतील पाचव्या लेखात धर्ममहामात्र नेमल्याचे सांगितले आहे. कैद्यांना साहाय्य करणे आणि ज्यांच्या मागे लेकरेबाळे आहेत किंवा जे वृद्ध आहेत त्यांच्या सुटकेकडे पाहणे, हे त्यांचे एक काम होते. कलिंगातील धौलीच्या लेखात तर नगराच्या न्यायाधिकाऱ्यांना मत्सर, क्रोध, घाई, आळस आणि थकवा यांपासून दूर राहण्यास बजावले आहे. थकलेला अधिकारी न्याय करू शकत नाही, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ओळखलेले होते.

आज स्थिती काय आहे? १९८७ साली विधी आयोगाने म्हटले की दहा लाख लोकांमागे सुमारे दहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच्या निम्म्यावरही आपण अद्याप पोहोचलेलो नाही. तपास अधिकारी बंदोबस्तावर गेला की साक्ष राहते, साक्ष राहिली की तारीख पडते आणि तारीख पडली की आरोपी आतच राहतो. देशातील तुरुंगांत चारांपैकी सुमारे तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. जामीनदार मिळत नाही तो बहुधा आपल्याच वस्तीतला असतो.

तपासाचे मनुष्यबळ आणि बंदोबस्ताचे मनुष्यबळ वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सांगितले. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने मांडलेल्या आराखड्यावरून. सुधारणा खालूनही येते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. पाटी बदलणे सोपे असते, तिच्यामागे प्रशिक्षित माणसे उभी करणे कठीण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद आहे. त्यासाठीही माणसेच लागणार.

मग आपण काय करावे? विद्यार्थ्यांनी पोलीस भरतीसाठी पहाटे नुसते धावू नये. मैदानाचे गुण पन्नास असतात, लेखी परीक्षेचे शंभर. गणित व मराठी व्याकरणाचा अभ्यास रोज करावा. शिपाई व्हाच, पण सरकारी वकील, न्यायाधीश, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ही दारेही ठोठवा. मुलींनी मागे राहू नये. पीडित स्त्री आपले दुःख महिला अधिकाऱ्याजवळच मोकळेपणी सांगते.

सभासदांनी एक गोष्ट पाठ करावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. वस्तीतील पोर पकडले गेले की आईने दागिना गहाण टाकण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. तो लिहून देणारे दोन तरुण प्रत्येक वस्तीत तयार झाले, तर हेही मनुष्यबळच होय.

बाबासाहेबांनी बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी राबविणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. राबविणारे चांगले व्हावेत म्हणून आपल्या घरातील मुले तेथे गेली पाहिजेत, आणि वर्दी अंगावर आल्यावर त्यांनी वस्ती विसरता कामा नये.