पोकळ भिंतीवरील भार



आजचा विषय ऐकून कांहींना नवल वाटेल. न्हाणीघरांतील दांडी भिंतीला कशी बसवावी, हें सुताराचें काम. त्यावर भाषण कशाला? परंतु आपल्या कितीतरी सुशिक्षित कुटुंबांतील मुलें आज अमेरिकेंत संसार थाटून राहिलीं आहेत, आणि त्यांचे वृद्ध आईवडील महिनेच्या महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात. ओल्या फरशीवर पाय घसरला, कीं हात आपोआप भिंतीकडे जातो. तेथें जी दांडी हातीं लागेल, तिच्या भरंवशावर त्या क्षणीं सारा देह असतो. म्हणून ती दांडी कशांत रोवली आहे, हा प्रश्न सुताराइतकाच गृहस्थाचाहि आहे.

आपल्याकडील भिंत बहुधा विटांची, दगडाची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची. तींत भोंक पाडावें, लाकडाची मेख किंवा प्लॅस्टिकचा प्लग ठोकावा आणि त्यांत स्क्रू पिळावा, कीं काम झालें. प्लग फुगतो, भोवतालची वीट त्याला दाबून धरते आणि त्या घर्षणावर भार तोलला जातो.

अमेरिकेंतील राहत्या घरांची जात निराळी. तेथें बहुतेक घरांचा सांगाडा लांकडी असतो. उभे वासे, ज्यांना तेथें स्टड म्हणतात, सामान्यतः मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर, कोठें कोठें २४ इंचांवर, उभे करतात. आणि त्यांच्या दोन्ही अंगांना जिप्समचे तक्ते स्क्रूनें जडवितात. दोन कागदांच्या मध्यें जिप्सम असलेला हा तक्ता पुष्कळदां अवघा अर्धा इंच जाड असतो. ऑगस्टीन सॅकेट यानें ह्या तक्त्याच्या पूर्वजाचें पेटंट १८९४ सालीं घेतलें. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें भराभर घरें उठलीं, तेव्हां ओल्या गिलाव्याची जागा ह्या तक्त्यानें घेतली. गिलावा वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं, म्हणून ह्या भिंतीचें नांव ड्रायवॉल, म्हणजे कोरडी भिंत.

हा तक्ता टाकाऊ आहे असें मात्र समजूं नये. जिप्सममध्यें वजनाच्या सुमारें एक-पंचमांश पाणी रासायनिक रीतीनें बांधलेलें असतें. आग लागली असतां तें वाफ होऊन उष्णता शोषून घेतें व वाशांचें कांहीं काळ रक्षण करतें. पण ओढ सोसण्याची ताकद त्याच्या अंगीं थोडी. शाळेंतील फळ्यावरचा खडू पुष्कळदां जिप्समचाच असतो. तो बोटांत कसा मोडतो, हें आपण सारे जाणतां. अशा तक्त्यांत फुगणारा प्लग ठोकला, तर तो धरून ठेवण्याऐवजीं भोवतालचा भुगाच करतो. त्यांत न्हाणीघरांतील ओलावा शिरला, म्हणजे तक्ता अधिकच भुसभुशीत होतो.

आतां तरफेचा नियम आठवा. भिंतीला टांगलेल्या बेसिनचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या काठापेक्षां १५ सेंटिमीटर उंच आहे, आणि बेसिनची पुढची कड भिंतीपासून ४५ सेंटिमीटर दूर आहे, असें धरा. उठतांना कोणी त्या कडेवर ४० किलोंचा भार टाकला. पंचेचाळीस म्हणजे पंधराची तिप्पट. तेव्हां वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारी ओढ १२० किलोंची झाली. बेसिनच्या स्वतःच्या वजनाची ओढ त्याहून वेगळी. घसरतां घसरतां बसणारा हिसका तर स्थिर भारापेक्षां पुष्कळच मोठा असतो.

ह्यावर उपाय एकच: भार तक्त्यावर न टाकतां लाकडावर टाकणें. स्टड शोधण्याच्या युक्त्या सोप्या आहेत. भिंतीवर टिचकी मारीत गेलें, कीं पोकळ आवाज एकाएकीं घट्ट होतो. लहानसें लोहचुंबक फिरविलें, तर तक्त्याच्या स्क्रूंच्या डोक्यांशीं तें चिकटतें. एक स्टड सांपडला, कीं १६ इंचांवर दुसरा शोधावा. भिंतीवर टाइल्स असतील, तर पलीकडच्या खोलींतून मापें घ्यावींत. स्क्रू स्टडच्या मध्यावर घ्यावा. पोकळींतून नळ व विजेच्या तारा गेलेल्या असतात, याचा विसर पडूं देऊं नये. टाइल्सला पाडलेलीं भोकें पाणीरोधक लुकणानें बुजवावींत. नाहींतर पाणी आंत जाऊन लाकूडच कुजवील.

हव्या त्या जागीं स्टड नसेल, तर तक्ता कापून दोन स्टडांच्या मध्यें जाड आडवें लाकूड बसवावें, तें दोन्हींकडे स्क्रूंनीं जखडावें आणि तक्ता पुन्हां लावावा. घर बांधतांनाच, भिंत बंद होण्यापूर्वीं, हें करून घेतलें तर खर्च अगदींच थोडा येतो. मात्र त्या लाकडाचें छायाचित्र व मापें जपून ठेवावींत. घर भाड्याचें असेल, तर मालकाची परवानगी आधीं घ्यावी.

तक्त्याच्या मागें गेल्यावर पंख पसरणारा टॉगल बोल्टहि मिळतो. आरसा किंवा हलकें फडताळ यांना तो ठीक आहे. परंतु तोहि शेवटीं त्या अर्ध्या इंचालाच धरून असतो. रबरी चोषकानें टाइलला चिकटणारी मूठ अंगाचा भार पेलील, असें मानूं नये. टॉवेलाची दांडी तर टॉवेलासाठींच केलेली असते. अमेरिकेंत अपंगांसाठीं १९९० सालीं कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणें सार्वजनिक ठिकाणच्या आधारदांड्यानें २५० पौंड, म्हणजे सुमारें ११३ किलो, भार सोसला पाहिजे, आणि तो जमिनीपासून ३३ ते ३६ इंच उंचीवर असला पाहिजे. खाजगी घरांना हा कायदा सहसा लागूं नाहीं. पण आपल्या मातापित्यांसाठीं हें माप उसनें घ्यावयास हरकत कसली?

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींतहि जिप्समचे आडोसे आले आहेत. त्यांतील उभे आधार बहुधा पातळ पत्र्याचे असतात. तेथें जड वस्तूसाठीं आंतून प्लायवूड घालून घ्यावें. वरून रंग आणि टाइल्स सगळीकडे सारख्याच गुळगुळीत दिसतात. भिंतीचें खरें बळ तिच्या पोटांत असतें. म्हणून परदेशीं निघालेल्या वडील मंडळींनीं मुलांना एवढें निःसंकोचपणें विचारावें: ‘न्हाणीघरांतील दांडीच्या मागें लाकूड आहे ना?’ आणि मुलांनीं हा प्रश्न येण्याची वाट न पाहतां, तिकिटें काढावयाच्या आधींच त्याचें उत्तर तयार ठेवावें.