शिष्यवृत्ती : विद्यार्थ्याची शिदोरी
(ज्युबिली महोत्सवानिमित्त हर्सूल येथे भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी धर्मग्रामाच्या गतकाळाचे गुणगान ऐकावे अशी आपली अपेक्षा असेल, आणि ती वावगी नाही. परंतु ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थ आपणांस ठाऊकच आहे. प्राचीन इस्राएली लोकांत दर पन्नासाव्या वर्षी ऋणको ऋणातून मुक्त होत असे आणि गहाण गेलेली भूमी मूळ कुटुंबास परत मिळत असे. सबब ज्युबिली हा जसा आनंदाचा, तसा हिशेबाचाही दिवस होय. आमच्याही शिरी एक ऋण आहे. ते प्रथम सर्वांसमक्ष कबूल करावे आणि मग मुख्य विषयाकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेस होतो, तेथील एक मुलगी बारावीची विज्ञान शाखेची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. वडील रात्रीचे रखवालदार, आई चार घरची धुणीभांडी करी. मुलीस रसायनशास्त्राची विलक्षण गोडी होती. त्याच सुमारास महाविद्यालयीन शिष्यवृत्तीसंबंधीचे एक इंग्रजी पत्रक आमच्या कचेरीत आले. आम्ही ते फलकावर टाचले आणि आपले कर्तव्य झाले असे मानून स्वस्थ बसलो. मिस्सानंतरच्या सूचनांत त्याचा उच्चारही केला नाही. पुढे ती मुलगी शुल्काच्या विवंचनेत आमच्याकडे आली, तेव्हा अर्जाची मुदत टळून तीन आठवडे झाले होते. तिचे गुण पुरेसे होते, घरचे उत्पन्नही मर्यादेच्या आत होते. ती एवढेच म्हणाली, "फादर, तो कागद मी रोज पाहत होते, पण तो माझ्यासाठी आहे हे मला कळले नाही." तिने दीड वर्ष कसेबसे काढले आणि शिक्षण सोडले. आज ती एका कारखान्यात खोकी भरण्याचे काम करते. कष्टाचे काम हलके नसते, हे आम्ही जाणतो. परंतु देवाने दिलेली बुद्धी आमच्या आळसामुळे पुरली गेली, हे शल्य आमच्या मनातून जात नाही. शुभवर्तमानातील दाखल्यात धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची जी गत झाली, ती आम्हांस त्या दिवसापासून वारंवार आठवते.

आपल्या या नगराच्या पोटातून मलिक अंबरच्या काळची, सतराव्या शतकाच्या आरंभीची नहर गेली आहे. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे पाणी तिने जमिनीखालून नगरात आणले. वर उन्हाने भूमी तडकलेली असताना खालून पाणी वाहत असे. पोहरा कोठे सोडावा हे ज्यास ठाऊक, त्याची तहान भागे. इतर जण त्याच जमिनीवरून तहानलेले जात. शिष्यवृत्त्यांचे द्रव्यही असेच गुप्तपणे वाहत असते. म्हणून आजचा आमचा विषय हा, की विज्ञानाची आवड असणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पोहरा कोठे व केव्हा सोडावा.

शिक्षणासाठी दुसऱ्याचे साहाय्य घेणे यात कमीपणा आहे, असे मानणारे काही अभिमानी पालक आम्हांस भेटतात. त्यांना आम्ही ग्रेगोर मेंडेल यांची कथा सांगतो. इ. स. १८२२ मध्ये एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा. वडील अपघाताने अधू झाले, तेव्हा शिक्षण थांबण्याची वेळ आली. धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या हुंड्यासाठी राखलेल्या वाट्यातील अंश भावाच्या शिक्षणास दिला. पुढे १८४३ मध्ये ते ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले आणि मठाधिपतींनी त्यांना १८५१ मध्ये व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठविले. परत आल्यावर मठाच्या बागेत त्यांनी आठ वर्षे वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले. आनुवंशिकतेचे जे नियम आज जगातील प्रत्येक विद्यार्थी शिकतो, ते त्या प्रयोगांतून निघाले. बहिणीचे उपकार मेंडेल विसरले नाहीत. तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला व त्यांतील दोघे वैद्य झाले. शिष्यवृत्तीचे खरे स्वरूप हेच होय. एकाने द्यावे, दुसऱ्याने शिकावे आणि शिकलेल्याने तिसऱ्यास द्यावे.

हे उदाहरण दूरदेशीचे वाटेल, तर जवळचे घ्या. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म १९४३ मध्ये गोव्यातील माशेल गावी झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. आईने मुंबईत काबाडकष्ट करून मुलास वाढविले. मुलगा नगरपालिकेच्या शाळेत अनवाणी जाई आणि रात्री रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करी. शाळेत भावे नावाच्या गुरुजींनी भिंगातून सूर्यकिरण एकवटून कागद जाळून दाखविला. त्या क्षणी आपणांस विज्ञानाचा मार्ग दिसला, असे डॉ. माशेलकर सांगत आले आहेत. १९६० च्या शालान्त परीक्षेत ते राज्यात अकरावे आले, तरीही घरच्या स्थितीमुळे शिक्षण सोडून नोकरी धरावी असा विचार चालला होता. तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि ती सहा वर्षे चालू राहिली. तोच विद्यार्थी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक व १९९५ मध्ये देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक झाला. हळदीच्या औषधी गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते या परिषदेनेच दिलेल्या लढ्यामुळे. महिना साठ रुपयांचे हे फळ पाहा!

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शक्य तर टिपून घ्याव्यात.

पहिली पायरी आठवीची. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा ही आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलेच या परीक्षेस पात्र आहेत. खाजगी विनाअनुदानित शाळेतील नाहीत. मूल कोणत्या शाळेत घालावे याचा विचार करताना हाही हिशेब मनात असू द्यावा.

दुसरी पायरी बारावीनंतरची. ज्यांचे गुण आपल्या परीक्षा मंडळाच्या त्या शाखेतील वरच्या वीस टक्क्यांत आहेत व घरचे उत्पन्न साडेचार लाखांहून अधिक नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,००० आणि पदव्युत्तर शिक्षणात दरसाल २०,००० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा असतो. या शिष्यवृत्त्यांची वाटणी विज्ञान, वाणिज्य आणि कला यांत अनुक्रमे तीन, दोन व एक अशा प्रमाणात होते. म्हणजे निम्म्या विज्ञानाच्या वाट्यास येतात. शिवाय निम्म्या मुलींसाठी राखीव आहेत. माता-पित्यांनो, हे शब्द पुन्हा ऐका : निम्म्या मुलींसाठी. मेंडेलच्या बहिणीने भावासाठी आपला वाटा दिला. आपल्याकडे मात्र मुलीचे शिक्षण थांबवून तो वाटा न विचारताच घेतला जातो. ज्या मुलीस शिकावयाचे आहे, तिचा अर्ज प्रथम भरावा.

तिसरी शिष्यवृत्ती शुद्ध विज्ञानाची, इन्स्पायर नावाची. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ती २००८ मध्ये सुरू केली. बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन जो भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, भूशास्त्र अशा मूलभूत विषयांत पदवीचे शिक्षण घेऊ लागतो, त्यास दरसाल ८०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्यांपैकी ६०,००० विद्यार्थ्याच्या हाती येतात आणि २०,००० उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्यासाठी असतात. अभियांत्रिकी व वैद्यकीय अभ्यासक्रमांस ती नाही. पदवीच्या प्रथम वर्षातच अर्ज करावा लागतो. ते वर्ष गेले की द्वार बंद झाले. पुष्कळ पालकांस वाटते की अभियंता वा डॉक्टर होणार नसेल त्या मुलाने विज्ञान शिकून काय करावे. त्यांनी या शिष्यवृत्तीकडे पाहावे, नुसत्या बी. एस्सी. होणाऱ्या मुलावर देश एवढा खर्च करावयास सिद्ध आहे.

राज्य शासनाच्या योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. तेथे अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाची स्वतंत्र योजना आहे, आणि गणित व भौतिकशास्त्रात प्रावीण्य दाखविणाऱ्यांसाठीही आहे. पदवीनंतर परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांस जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापिलेला निधी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो, डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्तीवरच.

येथे एक सावधगिरीची सूचना. योजना जन्मतात तशा मरतातही. १९६३ पासूनची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबविण्यात आली. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्तीही २०२२ मध्ये बंद करण्यात आली. सबब शेजाऱ्याच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये. दरवर्षी नव्याने चौकशी करावी.

आता कागदपत्रांविषयी. बुद्धीच्या अभावी जेवढ्या शिष्यवृत्त्या जातात, त्याहून अधिक कागदांच्या अभावी जातात, असा आमचा अनुभव आहे. तहसील कचेरीतील उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे आधारशी जोडलेले बँकेचे खाते, हे सर्व निकालाच्या आधी हाती असावे. आपल्या समाजात नावांचा घोळ फार. बाप्तिस्म्याच्या नोंदीत अंतोन, शाळेच्या दाखल्यावर अँथनी, आधारवर अँटनी! आपण सारे त्यास ओळखतो, परंतु यंत्रास हे तीन निरनिराळे इसम वाटतात आणि अर्ज परत येतो. मूल आठवीत आहे तोवरच ही दुरुस्ती करून घ्यावी.

एका नाजूक गोष्टीस स्पर्श केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यांत समाविष्ट झाले. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे आपल्यातील काही कुटुंबे कागदावर एक धर्म लिहितात आणि रविवारी दुसऱ्या धर्माच्या वेदीपुढे गुडघे टेकतात. त्यांची अगतिकता आम्ही जाणतो व त्यांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. परंतु खोट्या प्रतिज्ञापत्रावर उभारलेले शिक्षण मुलाच्या डोक्यावर जन्मभर टांगते राहते. सत्य सांगूनही मार्ग आहे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होतो, आणि ख्रिस्ती म्हणून अल्पसंख्याकांच्या योजनाही खुल्या आहेत. अनुसूचित जमातीचा मनुष्य ख्रिस्ती झाल्याने त्याचा जमातीचा हक्क जात नाही. यांपैकी आपणांस काय लागू पडते हे विचारण्यास कोणीही संकोच करू नये.

शेवटी, आम्ही काय करणार ते सांगतो. कारण ऋण नुसते कबूल करून फिटत नाही. येत्या रविवारपासून मिस्सानंतर मंदिराच्या ओसरीवर एक मेज मांडले जाईल. तेथे एक शिक्षक, संगणक जाणणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आम्ही स्वतः बसू. आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव एका वहीत लिहिले जाईल आणि प्रत्येक नावापुढे अर्जाची अंतिम तारीख. पत्रक आले की ते मराठीत वाचून दाखविले जाईल. नुसते टाचून ठेवले जाणार नाही. दाखल्यांचा किरकोळ खर्च आणि शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा हाती पडते तोवरची नड भागविण्यासाठी एक लहान विद्यार्थी-निधी उभारावा, अशी आमची विनंती आहे. ज्युबिलीच्या सजावटीसाठी जमलेल्या वर्गणीतून जे उरेल, ते त्याचे बीज व्हावे. त्यातून साहाय्य घेणाऱ्याने कमावता झाल्यावर दुसऱ्या एका विद्यार्थ्यास तेवढेच द्यावे, एवढीच अट असावी.

ज्या मुलीची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली, तिला आम्ही गेल्या महिन्यात निरोप पाठविला. खंडित शिक्षण पुन्हा सुरू करण्यास तिची सिद्धता असेल, तर या वहीतील पहिले नाव तिचे असेल. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. ते यावे म्हणून आपण सर्वांनी प्रार्थना करावी. आणि आज घरी गेल्यावर आपापल्या मुलांच्या दाखल्यांवरील नावे एकदा ताडून पाहावीत. ईश्वर आपले कल्याण करो.