माशी, बंदूक आणि गिर्यारोहकाची कडी



सह्याद्रीतल्या एखाद्या सुळक्यावर चढाई चालू असते. चढणारा हार्नेसला लटकवलेली धातूची एक कडी काढतो, खडकातल्या बोल्टमध्ये अडकवतो आणि तिच्यात दोर सारतो. 'खट्' आवाज होतो, स्प्रिंगची दांडी मिटते. मगच तो वरची खाच चाचपतो. ही कडी म्हणजे कॅराबिनर. स्पेनमधले गिर्यारोहक तिला 'मोस्केतोन' म्हणतात.

या नावाच्या मुळाशी आहे एक माशी. लॅटिनमध्ये माशीला 'मुस्का' म्हणत. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये तिची 'मोस्का' झाली. स्पॅनिशमध्ये लहानपणा दाखवणारा 'इतो' प्रत्यय तिला लागला आणि 'मोस्कितो' तयार झाला, म्हणजे छोटी माशी. डासासाठीचा हाच शब्द इंग्रजीने उचलला. इकडे इटलीत यांत्रिक धनुष्याच्या बाणाला माशीवरून नाव पडलं. पुढे बाण मागे पडला, बंदूक आली आणि ते नाव तिला चिकटलं. तीच इंग्रजीतली 'मस्केट', स्पॅनिशमधली 'मोस्केते'. 'मोस्केतोन' ही तिची आखूड बहीण.

पण बंदुकीचं नाव कडीला कसं मिळालं? घोडेस्वाराच्या खांद्यावरून तिरपा पट्टा असे. पट्ट्याला स्प्रिंगची आकडी आणि आकडीत बंदूक. लगामासाठी हात मोकळे राहत आणि घोडा उधळला तरी बंदूक पडत नसे. जर्मन लोकांनी त्या आकडीला 'काराबिनरहाकेन' म्हटलं, म्हणजे कार्बाइनची आकडी. त्यातूनच इंग्रजी कॅराबिनर आला. ही कार्बाइन आपल्याला परकी नाही. जुन्या मराठीतली 'कडाबीन' ती हीच. दोन भाषांनी दोन वेगळ्या बंदुका निवडल्या, पण नाव ठेवण्याची रीत एकच.

1910च्या सुमारास म्युनिकच्या ओटो हेर्त्सोग या गिर्यारोहकाने आग विझवणाऱ्या जवानांकडे अशी आकडी पाहिली आणि ती कड्यावर नेली. आज कित्येक कॅराबिनरवर 22 किलोन्यूटन असा आकडा कोरलेला दिसतो. म्हणजे जवळजवळ सव्वादोन टनांचा भार ती कडी पेलते.

श्रोतेहो, शब्द जुना अर्थ पाठीवर घेऊन नव्या कामाला लागतात, ते असे. ज्या लोहाराने पहिली आकडी घडवली, त्याला बंदूक पडू द्यायची नव्हती. आज तीच आकडी माणसाला पडू देत नाही.